अडलेला घोडा आणि दवाखान्याची वाट

बंगळूर शहराच्या दक्षिण अंगाला जे. पी. नगर नावाची एक मोठी वसाहत आहे. जयप्रकाश नारायण यांचे नाव तिला दिलेले आहे. टप्प्याटप्प्यांनी वसत गेलेली, आखीव रस्त्यांची आणि आता वाहनांनी ओसंडून वाहणारी ही वस्ती. येथे मोटारींबद्दल बोलावे, फार तर कुत्र्यामांजरांबद्दल बोलावे. घोड्याचा विषय कोणी काढला तर तो जुन्या बखरीतून निसटून आल्यासारखा वाटेल. परंतु घोडा आपल्या शहरांतून अजून हद्दपार झालेला नाही. वरातीचा घोडा आहे, रपेट शिकवणाऱ्या शाळेतला घोडा आहे, शर्यतीतून निवृत्त होऊन कोणा हौशी माणसाच्या पदरी उरलेले आयुष्य काढणारा घोडा आहे. आणि घोडा आहे तेथे त्याचे आजारपणही आहे.

बंगळूरला तर घोडा नवा नाहीच. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे ठाणे घेतले, त्या फौजेत शहाजीराजे होते आणि पुढे बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले. त्या काळचा मराठा स्वार भीमथडीच्या काटक तट्टावर बसून सह्याद्रीपासून कावेरीपर्यंत दौड मारीत असे. बंगळूरच्या पश्चिमेला कुणिगल येथे टिपू सुलतानाच्या काळापासून घोड्यांची पैदास होत आली. शहराच्या मध्यभागी शर्यतीचे मैदान आले आणि त्याबरोबर उंची तबेले आले. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे शहराच्या उत्तरेला हेब्बाळ येथे १९५८ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. जे. पी. नगर दक्षिणेला आणि हेब्बाळ उत्तरेला. मधले अंतर सुमारे वीस किलोमीटरांचे, पण ते सगळे शहराच्या गर्दीतून कापावयाचे.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. घोडा आजारी पडला की सालोत्री घरी येई. हा सालोत्री शब्द मोठा गमतीचा आहे. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून आपल्या परंपरेत शालिहोत्राचे नाव घेतात; त्या नावावरून घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणू लागले. सालोत्री यावयाचा, पागेतच घोड्याला पाहावयाचा, काढा पाजावयाचा, डाग द्यावयाचा आणि पुढचे दैवावर सोडावयाचा. आजही पशुवैद्याने प्रथम घोड्याच्या ठाण्यावर येऊन पाहावे हेच उत्तम. पण काही दुखणी अशी आहेत की ठाण्यावर त्यांचा इलाज होत नाही. पोट उघडून शस्त्रक्रिया करावयाची, तर चारपाचशे किलो वजनाचे जनावर बेशुद्ध करून टेबलावर चढवण्याची यंत्रे लागतात, अनेक हातांची मदत लागते. तेव्हा घोड्याला दवाखान्याकडे नेण्याखेरीज मार्ग राहत नाही. आणि नेमका त्याच क्षणी तो फळीपाशी येऊन पाय रोवतो.

या दुखण्यांत सर्वांत भयंकर म्हणजे पोटशूळ. घोड्याचे पोट ही निसर्गाने केलेली एक अवघड रचना आहे. एवढ्या थोरल्या जनावराची जठराची पिशवी फार लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरांची. उलट त्याचे लहान आतडे वीस मीटरांहूनही लांब, आणि पुढे मोठ्या आतड्याचा प्रचंड, दुमडून बसवलेला पसारा. तो बऱ्याच भागी पोटाच्या भिंतीला नीट बांधलेला नसतो. त्यामुळे वाताने फुगून तो जागचा सरकू शकतो, त्याला पीळही बसू शकतो. भरीस भर म्हणजे घोड्याला ओकारी होत नाही. अन्ननळीच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट की आत गेलेले वर येत नाही. जठर फार ताणले तर ते फुटते. म्हणून वैद्य नाकातून नळी घालून जठर रिकामे करतात. हे कोणी घरच्या घरी करू जाऊ नये. नळी चुकून फुप्फुसांत गेली तर जनावर हकनाक मरते.

पोट दुखू लागलेला घोडा चंदीला तोंड लावत नाही, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळूनवळून आपल्या कुशीकडे पाहतो, घामाने निथळतो, खाली बसतो, लोळतो, पुन्हा उठतो. स्वस्थ घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस पडतात. ते साठांच्या वर जाऊन तेथेच टिकले तर दुखणे साधे नाही, असे धरून चालावे. आतड्याला पीळ बसला असेल तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि मग घटकाघटकेला जगण्याची आशा कमी होत जाते. अशा वेळी गाडीत चढवण्यात दोन तास गेले, तर ते दोन तास शस्त्रक्रियेतून वजा झालेले असतात. घोडा चढवणे ही हमालीची बाब नसून उपचाराचा पहिला भाग आहे, असे मी म्हणतो ते याचमुळे.

आता नेहमी काय घडते ते पाहा. रात्रीची वेळ, भाड्याने आणलेला ट्रक, मागचा फाळका पाडून त्याला टेकवलेली एखादी अरुंद फळी. मालक घाबरलेला, मोतद्दार घाबरलेला, आणि तमाशा पाहावयास जमलेली दहा माणसे, प्रत्येकाच्या तोंडी निराळा सल्ला. कोणी पुढून दोर ओढतो, कोणी मागून काठी हाणतो, कोणी शीळ घालतो. घोडा मान वर करून मागे रेटतो. ओढणाऱ्यांनी जोर केला की तो अधिक रेटतो, मागच्या पायांवर उभा राहतो, कधी उताणा कोसळतो. मग सगळे म्हणतात, घोडा अडेल आहे, हट्टी आहे. आपल्या भाषेने अडेल तट्टू हा वाक्प्रचार करून ठेवला आणि घोड्याच्या जातीवर एक कायमचा अन्याय करून ठेवला, असे मला वाटते. हट्टाला आपले म्हणणे पुढे रेटण्याचा विचार लागतो. फळीपाशी उभ्या असलेल्या घोड्याच्या मनात तसा विचार नसतो. तेथे असते ती शुद्ध भीती.

या भीतीला कारणे आहेत, आणि ती घोड्याच्या डोळ्यांत शोधावी लागतात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे जवळजवळ सभोवारचे त्याला एकाच वेळी दिसते. पण अगदी पाठीमागचे, आणि कपाळाखाली नाकासमोरचे थोडे, दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली अजमावण्याची जागा त्याला समोरच्या अरुंद पट्ट्यातच मिळते, आणि त्यासाठी त्याला मान खालीवर करावी लागते. उजेडातून अंधारात जाताना आपल्या डोळ्यांना क्षणभर काही सुचत नाही. घोड्याच्या डोळ्यांना सरावण्यास आपल्यापेक्षा पुष्कळच अधिक वेळ लागतो. आता त्याच्या बाजूने ट्रककडे पाहावे. समोर काळोखी गुहा. पायाखाली उतरती फळी, तीही पाय पडताच दणदण वाजणारी आणि किंचित हलणारी. दोन बाजूंना भिंती, म्हणजे पळावयास वाट नाही. ज्या प्राण्याने लक्षावधी वर्षे उघड्या माळावर पळण्याच्या बळावर जीव वाचवला, त्याला आपण नेमक्या त्या जागी जा म्हणतो जेथून पळता येत नाही. तो नाही म्हणतो यात नवल ते काय! मला नवल वाटते ते इतके घोडे मुकाट चढतात याचे.

या बाबतीत मारहाण का चालत नाही हे ग्रीक सेनानी झेनोफन याने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. त्याने अश्वविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारू नये, कारण मारल्याने भीती दुणावते. ज्या वस्तूला तो भ्याला त्या वस्तूनेच आपल्याला वेदना दिली असे त्याला वाटते, हे त्याचे विवेचन. आजचे प्राण्यांच्या वर्तनाचे शास्त्र याहून फारसे वेगळे सांगत नाही. फळीपाशी चार फटके खाल्लेला घोडा फळी म्हणजे फटके एवढेच शिकतो. पुढच्या वेळी तो फळी नुसती दिसली की उधळतो, आणि लोक म्हणतात, पाहा, दिवसेंदिवस अधिकच बिघडत चालला आहे.

घोडा शिकतो कसा, हे जाणले की वाट सापडते. बागदोरीचा हलका ताण आला आणि आपण एक पाऊल पुढे टाकले की तो ताण नाहीसा होतो, हे त्याला कळले म्हणजे तो ताण येताच पाऊल टाकू लागतो. म्हणजे शिकवण ताणात नाही, ताण सोडण्यात आहे. घोड्याने पाऊल उचलण्याचा नुसता विचार केला, वजन पुढे झुकवले, की त्याच क्षणी हात सैल पडला पाहिजे. बहुतेक माणसे येथेच फसतात. घोडा एक पाऊल पुढे येतो आणि माणूस उत्साहाने आणखी जोरात ओढतो. घोड्याच्या हिशेबाने पुढे येण्याचे बक्षीस म्हणून त्याला अधिक त्रास मिळाला. उलट, तो मागे रेटताना माणूस कंटाळून दोर सोडतो, आणि मागे रेटले की सुटका होते हा धडा मात्र पक्का बसतो. अडेल तट्टू असे हळूहळू घडत जाते.

तेव्हा घोड्याला हात लावण्याआधी गाडीला हात लावावा. गाडी सपाट आणि घट्ट जमिनीवर उभी करावी. जवळ एखादा बांध, ओटा किंवा मालधक्का असेल तर गाडीची मागची बाजू त्याला भिडवावी. फळीचा चढ नाहीसा झाला की निम्मे भांडण मिटते. तशी सोय नसेल तर फळी रुंद, लांब आणि कमी उताराची हवी, बाजूंना कठडा हवा. तिच्याखाली पोकळी राहिली असेल तर वाळूची किंवा मातीची पोती सारून ती भरून काढावी; आवाज आणि डळमळ दोन्ही कमी होतात. फळीवर काथ्याची चटई बांधावी किंवा ओलसर वाळू पसरावी. आतल्या तळावर जाड गवत अंथरावे. लोखंडी पत्र्यावर नाल घसरतो, आणि एकदा घसरलेला घोडा त्या जागेवर पुन्हा सहजी विश्वास टाकीत नाही. गाडीच्या आत दिवा लावावा, पण तो घोड्याच्या डोळ्यांवर येऊ देऊ नये. पुढचे दार किंवा खिडकी उघडता येत असेल तर उघडावी. पलीकडचा उजेड दिसला की गुहेची वाट होते. गाडी एखाद्या भिंतीलगत लावली तर एका बाजूने निसटण्याची वाट आपोआप बंद होते. आत बाहेर आलेले खिळे, पत्र्याच्या कडा, लोंबत्या साखळ्या यांवरून स्वतःचा हात फिरवून पाहावा.

मग माणसांकडे वळावे. तीन माणसे पुरेत: एक बागदोर धरणारा, एक मागून बाजूला राहणारा, एक फाळक्यापाशी. बाकीच्यांना नम्रपणे पण निश्चयाने दूर पाठवावे. सूचना एकानेच द्याव्यात, आणि त्या हलक्या आवाजात. बागदोर धरणाऱ्याच्या पायांत बूट, हातांत मोजे आणि डोक्यावर शिरस्त्राण असावे. आपल्याकडे याला भित्रेपणा समजतात. परंतु घोड्याच्या एका उसळीत अनुभवी मोतद्दाराचे बोट तुटल्याची उदाहरणे कमी नाहीत. दोर हाताला गुंडाळावयाचा नाही, ही पहिली शिस्त. जास्तीचा दोर घड्या घालून मुठीत धरावा. उभे राहावे ते घोड्याच्या खांद्याशी, जरा बाजूला. अगदी समोर राहिले तर तो उडी घेऊन आत शिरताना माणसाला चिरडतो. अगदी मागे राहिले तर दुगाणीच्या पल्ल्यात येतो. अरुंद गाडीत घोड्यापुढे माणसाने शिरावयाचे तर बाहेर पडण्यास निराळे दार असलेच पाहिजे. तसे दार नसेल तर बाहेरूनच चढवण्याची युक्ती काढावी.

घोड्याला फळीकडे सरळ रेषेत न्यावे, तिरपे नेऊ नये. फळीपाशी आल्यावर थांबावे. त्याला मान खाली घालू द्यावी, हुंगू द्यावे, फुरफुरू द्यावे. हा वेळ वाया जात नाही. तो या वेळात जागा वाचीत असतो. घोड्याचे नाक फळीकडेच राहील एवढे पाहावे. एक पाय फळीवर आला की ताण सोडावा, मानेवर हात फिरवावा, आणि तो मागे सरण्यापूर्वी आपणच त्याला एक पाऊल मागे आणावे. मागे येण्याचा हुकूम आपला असला की मागे येणे ही सुटका राहत नाही. पुन्हा पुढे. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो, पण दोन पावले पुढे आणि एक मागे असे करीत गेलेला घोडा बहुधा ओढाताण केलेल्या घोड्याच्या आधी आत पोहोचतो. ओळखीचा शांत सोबती घोडा असेल तर त्याला आधी चढवावे. कळपाच्या प्राण्याला कळपाचा पुरावा माणसाच्या हजार आश्वासनांहून मोठा वाटतो. चंदीचा तोबरा पुढे धरून भुलवण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे, पण पोटशुळात ती वर्ज्य. दुखणाऱ्या पोटात मूठभर चंदीही जाता कामा नये.

मागून मदत हवीच असेल तर एक लांब, जाड, मऊ दोर घोड्याच्या मागच्या मांड्यांभोवती, शेपटीच्या बराच खाली, सैल घ्यावा आणि त्याची टोके दोन जाणत्यांनी दोन बाजूंना धरावी. टोके कशालाही बांधावयाची नाहीत. घोडा थबकला की दोर हलकेच टेकवावा, पाऊल पडले की ढिला करावा. ज्या घोड्याला असा स्पर्श अगदीच सोसत नाही आणि जो लाथा झाडू लागतो, त्याच्यावर हा प्रयोग करू नये. डोळ्यांवर फडके बांधून चढवण्याचीही एक जुनी चाल आहे. काही घोडे त्याने गोगलगाय होतात, काही मात्र आंधळेपणाच्या भयाने सरळ उभे राहतात. कोणता घोडा कोणत्या जातीचा हे फळीवर शोधून काढणे परवडत नाही. वरच्या ओठाला दोरीचा फास पिळून घोडा स्थिर करतात. वैद्य इंजेक्शन देताना ते क्षणभर उपयोगी पडते, पण त्याने घोडा उभा राहतो, चालत नाही. मग चढवण्यासाठी त्याचा उपयोग काय?

घोडा आत गेला की सगळ्यांना हायसे वाटते आणि अपघात पुष्कळदा तेथेच होतात. येथे एक क्रम जिवापलीकडे जपावयाचा आहे. आधी पाठीमागचा आडवा दांडा लावावयाचा, मगच पुढे मोहरकीचा दोर बांधावयाचा. दवाखान्यात उतरवताना याच्या उलट: आधी दोर सोडावयाचा, मगच दांडा काढावयाचा. कारण सरळ आहे. दोर बांधला आणि मागे दांडा नाही, अशा स्थितीत घोडा मागे सरला तर चार पावलांवर दोर ताणला जातो, मान अडकते, आणि मान अडकली की घोडा विचार थांबवून सर्व शक्तीने मागे झेप घेतो. मोहरकी तुटते तेव्हा तो फळीवरून उताणा पडतो. मोहरकी तुटत नाही तेव्हा मानच दुखावते. आपल्या जुन्या पागांत अगाडी आणि पिछाडी या दोन्ही दोरांनी घोडा बांधीत, आणि पिछाडीचे महत्त्व मोतद्दाराला सांगावे लागत नसे. गाडीत पिछाडीचे काम हा दांडा करतो. पुढचा दोर एका हिसक्याने सुटेल अशा सुरगाठीने बांधावा आणि जवळ धारदार सुरी ठेवावी. दांडा लावणाऱ्याने बाजूला उभे राहून तो लावावा, मागे उभे राहून नव्हे.

झोपेचे इंजेक्शन द्या म्हणजे काम सोपे, असे पुष्कळांना वाटते. शामक औषध हे उत्तम साधन आहे, पण ते वैद्याच्या हातातले. घोडा पिसाळल्यानंतर दिलेले औषध नीट लागू पडत नाही. दोन तास झोंबाझोंबी झाल्यावर वैद्याला बोलावण्यात म्हणूनच अर्थ नसतो. शिवाय गुंगीत असलेला घोडा फळीवर अडखळतो, आणि शांत दिसता दिसता अचूक लाथही झाडतो. पोटशुळात आधीच रक्तदाब ढासळलेला असेल तर काही औषधे तो अधिक खाली आणतात. वेदनाशामक गोळ्या किंवा सुया घरी टोचणे तर त्याहून वाईट. वेदना दबते, घोडा बरा वाटतो, आणि आत आतडे काळे पडत असते. वैद्याला आधी दूरध्वनीवर सगळी हकीकत सांगावी आणि तो म्हणेल तसे करावे. घोडा उठूच शकत नसेल तर त्याला फरफटत गाडीत घालण्याचा विचारही करू नये. तेथे वैद्यानेच आले पाहिजे.

वास्तविक या सगळ्याची खरी वेळ आजारपणाची नव्हे. घोडा निरोगी असताना, घाई नसताना, रोज दहापंधरा मिनिटे हा अभ्यास करावा. प्रथम अंगणात एक रुंद फळी नुसती जमिनीवर टाकून तिच्यावरून त्याला चालवावे, म्हणजे पायाखालचा आवाज ओळखीचा होतो. मग उभ्या गाडीची फळी, मग अर्धा आत, मग पूर्ण आत येऊन पुन्हा बाहेर. त्याची संध्याकाळची चंदी काही दिवस गाडीतच द्यावी. पुढे दांडा लावावा, मग इंजिन सुरू करावे, मग गल्लीला एक फेरी घालून परत आणावे. ज्या घोड्याच्या मनात गाडी म्हणजे केवळ सुई आणि दवाखाना आहे त्याला दोष देता येत नाही. त्याची गाडीशी दुसरी ओळख आपण करून दिलेलीच नसते. वरातीचे घोडे पायी हिंडतात, त्यामुळे कित्येकांनी वर्षानुवर्षे गाडी पाहिलेली नसते. पहिल्या वेळी गाडीत चढावयाचे ते पोटात पीळ पडलेला असताना, ही परीक्षा फार कठोर होते.

आता प्रवास. वीस किलोमीटर म्हटले तर किरकोळ. पण घोडा ते अंतर उभ्याने, चार पायांवर सतत तोल सावरीत कापतो. प्रत्येक ब्रेकला तो पुढे ढकलला जातो, प्रत्येक वळणाला पाय फाकून उभा राहतो. म्हणून दोन बाजूंचे आडोसे इतके जवळ नसावेत की पाय फाकता येऊ नयेत. आपल्याकडे १९७८ मध्ये प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम झाले. त्यांत घोड्यांच्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरांची मर्यादा घातलेली आहे, आणि एका गाडीत चार ते सहांहून अधिक घोडे घालू नयेत, बरोबर माणूस असावा, असेही म्हटले आहे. बंगळूरच्या रहदारीत ३५ ची मर्यादा पाळण्यास कष्ट पडत नाहीत, हे सुज्ञ श्रोत्यांना सांगावयास नको! कष्ट पडतात ते गतिरोधकांवर आणि उड्डाणपुलांच्या वळणांवर. चालकाने भरलेला पाण्याचा हंडा झाकणाविना नेत आहोत अशी कल्पना करून गाडी हाकावी.

पाय मोडलेल्या किंवा दुखावलेल्या घोड्याच्या बाबतीत तोंड कोणत्या दिशेला हेही पाहावे लागते. पुढचा पाय दुखत असेल तर घोड्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करावे, म्हणजे ब्रेक लागताना भार मागच्या पायांवर जातो. मागचा पाय दुखत असेल तर तोंड पुढे. पाय आधी वैद्याकडून बांधून घ्यावा. लांबच्या प्रवासात, म्हणजे पुण्याहून बंगळूरला घोडा आणावयाचा असेल तेव्हा, आणखी एक धोका असतो. घोड्याची मान तासन् तास वर बांधून ठेवली तर श्वासनळीत साचलेला चिकटा आणि जंतू त्याला खाली मान घालून बाहेर टाकता येत नाहीत, आणि त्यातून फुप्फुसांचा दाह होतो. ठराविक वेळाने थांबून त्याला मान खाली सोडू द्यावी, पाणी दाखवावे. जे. पी. नगर ते हेब्बाळ एवढ्या वाटेत हा प्रश्न येत नाही. येथे वाट दाखवणाऱ्याने वैद्याला फोन करून दार उघडे ठेवावयास सांगावे, आणि मागून येणाऱ्या मोटारीने अंतर राखावे, एवढे पुरे.

दवाखान्याच्या आवारात पोहोचल्यावर फाळका धाडकन पाडू नये. इंजिन बंद करून मिनिटभर थांबावे. दोर सोडावा, मग दांडा काढावा, आणि घोड्याला मागे सरळ येऊ द्यावे. एका माणसाने त्याच्या कुशीला हात लावून फळीची कड चुकणार नाही एवढे पाहावे. वैद्य त्याला तपासू लागेल तेव्हा मालकाजवळ काही उत्तरे तयार हवीत: शेवटची लीद केव्हा पडली आणि कशी होती, पाणी केव्हा प्याला, चंदीत किंवा वैरणीत काही बदल झाला होता काय, दुखणे प्रथम कोणाच्या आणि किती वाजता लक्षात आले, लोळला किती वेळा, नाडी किती होती, आणि घरून निघण्यापूर्वी कोणी काही औषध पाजले होते काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मोतद्दार मालकासमोर बहुधा देत नाही. त्याला बाजूला घेऊन विचारावे.